मामाचं पळणं

गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी आपला अभ्यासवर्ग होता. टिपणं माझ्याकडं होती. मी आलो नाही. दुसऱ्या दिवशी मित्रांनी विचारलं, कुठं मेला होतास? मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, मामाबरोबर पळायच्या शर्यतीला गेलो होतो. सगळे हसले. एक जण म्हणाला, ‘पळायचंय तर मोर्चात पळ की. पोटं सुटलेल्यांची चैन आहे ती. पैसे भरून पळायचं, केळं खायचं, फोटो काढायचा.’

त्याचं फारसं चुकलं नाही. शर्यतीच्या आदल्या रात्रीपर्यंत मीही हेच म्हणत होतो. आता म्हणवत नाही. का म्हणवत नाही ते तोंडानं सांगायला गेलो तर तुम्ही मला मधेच अडवाल, म्हणून लिहून काढतोय. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. पुढचं जे काही वाचलं ते रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, कापसाच्या गाठींच्या आडोशाला बसून. लिहिण्यात चुका असतील. समजून घ्या.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. वय ५२. इचलकरंजीच्या बाजूला एका सहकारी सूतगिरणीत २८ वर्षं झाली. त्यातली २१ ब्लोरूम आणि कार्डिंगला. गाठ फोडायची, कापूस पिंजायचा, त्यातली घाण काढायची, अशी ती खाती. मी त्याच गिरणीत रिंगफ्रेमवर डॉफर. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या. मला चिकटवलं ते मामांनीच. वस्तीत त्यांना सगळे आण्णा म्हणतात. बोलणं कमी. जयंतीला वर्गणी पहिली देणार, स्टेजवर कधी चढणार नाहीत. अशा माणसाला ५२ व्या वर्षी पळायचं खूळ कुठून लागलं?

लागलं ते मामेबहिणीमुळं. ती पोलीस भरतीची तयारी करते. भरतीला पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. आपल्या वस्तीतली पोरं-पोरी पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर दिसतात ती यासाठीच. मैदान नाही, बूट नाही, कोच नाही. उसातून जाणारा रस्ता आणि वर चांदणं. पोरगी अंधारात एकटी कशी सोडायची? म्हणून मामा सायकलवरून मागं. हातात मोबाइल. तिनं पळायचं, मामांनी वेळ लावायची. एक दिवस सायकल पंक्चर झाली. पोरगी म्हणाली, ‘आज राहू दे, आण्णा.’ मामा म्हणाले, ‘राहू का द्यायचं? मी काय लंगडा हाय?’ आणि पायातल्या चपला हातात घेऊन तिच्या मागं पळत सुटले. दोन विजेचे खांब गेले, तिसरा गेला, आणि मामा रस्त्याच्या कडेला मटकन बसले. धाप लागली, डोळ्यांतून पाणी आलं. पोरगी घाबरून परत आली तर हा माणूस हसतोय.

त्या भरतीत पोरगी २ मार्कांनी हुकली. एक दिवस रडली. तिसऱ्या दिवशी परत रस्त्यावर. मामाही परत रस्त्यावर. आता सायकल नाही. बाजारातनं कापडी बूट आणले होते.

वस्तीत चेष्टा झाली. ‘आण्णा, कुणाची कोंबडी घेऊन पळताय?’ ‘आण्णा, या वयात भरती देताय व्हय?’ मी तर उघड म्हणालो, ‘मामा, आठ तास मशिनी तुमाला पळिवत्यात, तेवढं पुरत न्हाई का?’ मामा म्हणाले, ‘त्ये येगळं.’ एवढंच. काय वेगळं, ते सांगितलं नाही.

मित्रांनो, आपल्या घरांत पळणं नवीन नाही. माझ्या आजीनं मला तिच्या सासऱ्याची गोष्ट सांगितली आहे. म्हणजे मामाच्या आजोबांची. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन हा माणूस पळायचा. रात्र असो, पाऊस असो, ओढ्याला पाणी असो. मयत उचलायच्या आत पाहुण्यांच्या गावाला बातमी पोचली पाहिजे. साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. चावडीचं टपाल घेऊन तालुक्याला पळायचं. एकदा पाटलाच्या घरची म्हातारी गेली तेव्हा त्यानं एका रात्रीत तीन गावं केली. परत आला तर तळपाय फुटलेले. बक्षीस काय, तर वरून टाकलेली भाकर आणि ‘उशीर केलास’ म्हणून शिवी. आजी म्हणायची, तो झोपेतसुद्धा पाय हलवायचा.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महारवतन बंद केलं. कागदावर बंद झालं, गावानं हाक मारायची सोडली नाही. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात वतनाचं बिल आणलं. वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. तोवर किती पाय झिजले याचा हिशेब कुठल्या दप्तरात आहे? दप्तर त्यांचं. कुठला सांगावा किती वेळात पोचला हे ठरवणारे ते. आपल्या माणसाच्या हातात कधी घड्याळ नव्हतं. होती ती काठी आणि घुंगरू.

हे सगळं मला शर्यतीच्या आधी सुचलं असं नाही. खोटं कशाला बोलू? आधी मला फक्त पैसे दिसले.

शर्यत पाच किलोमीटरची. नाव नोंदवायची फी एका पाळीच्या पगाराएवढी. पोरीनं मोबाइलवर फॉर्म भरला. मामांनी आठवड्याच्या चहातले पैसे बाजूला ठेवले होते. मला राग आला. एक पाळी राबून रस्त्यावरनं पळायचा हक्क विकत घ्यायचा? रस्ता काय कुणाच्या बापाचा? रोज पहाटे फुकट पळताय की! मामा म्हणाले, ‘रोज अंधारात पळतो. एकदा उजेडात पळून बघायचं हाय.’

मी गप्प बसलो. पण पटलं नव्हतं.

शनिवारी आम्हा दोघांची दुसरी पाळी होती. रात्री अकराला सुटलो. घरी यायला बारा. साडेचारला उठून मोटारसायकलवर निघालो. थंडी होती. मामांनी अंगात गिरणीतला जुना खाकी शर्ट घातलेला, आत पोरीनं दिलेला टी-शर्ट. टी-शर्टवर टाचण्यांनी लावलेला कागदाचा नंबर. नंबराखाली नाव आणि आडनाव छापलेलं. मामांनी रात्री तो नंबर चारदा हातात घेऊन बघितला होता. २८ वर्षं गिरणीत त्यांचा एक बिल्ला नंबर आहे. तो पगाराच्या चिठ्ठीवर येतो, गैरहजेरीच्या नोटिशीवर येतो. नाव कुणी वाचत नाही. आणि आडनावाचं म्हणाल तर आपलं आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तर मिळालेलं असतं. ते आडनाव छातीवर लावून हा माणूस गावाच्या मोठ्या रस्त्यावर पळणार होता. मी म्हटलं, ‘मामा, नुसता नंबर लावून आडनाव दुमडलं तर?’ मामांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

मैदानावर कर्णे लागलेले. गाणी चाललेली. स्टेजवरची बाई हात वर करायला सांगतेय, सगळे हात वर करतायत. डॉक्टर, वकील, दुकानदार, सरकारी साहेब, त्यांच्या बायका. एकेकाच्या पायात माझ्या महिन्याच्या पगाराचे बूट. मनगटावर काळी घड्याळं. मामा एका कडेला उभे, हात छातीशी बांधून. मी त्यांच्या चपलांची पिशवी धरून.

तेवढ्यात टी-शर्ट घातलेला एक पोरगा धावत आला. गळ्यात ओळखपत्र, संयोजकांपैकी. मामांकडं बघून म्हणाला, ‘ओ काका, इथं काय उभे? ते पाण्याचे बॉक्स टेम्पोत टाका पटापट. पुढच्या टेबलावर जायचेत.’

माझ्या डोक्यात महाडचं तळं उसळलं. १९२७ सालापासून आपण पाण्यासाठी भांडतोय, आणि इथं... मी तोंड उघडायच्या आत मामांनी बॉक्स उचललाही होता. एक, दोन, तीन. टेम्पोत टाकले. वर विचारलं, ‘आनि हाईत का?’

मी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. म्हटलं, ‘मामा, पैसे भरलेत आपण. हमाल हाय का तुमी?’ मामा म्हणाले, ‘पाणीच हुतं रं. तहान लागनारच हाय सगळ्यास्नी.’ मग त्यांनी सावकाश खाकी शर्टाची बटणं सोडली, शर्ट घडी करून माझ्या हातात दिला आणि सुरुवातीच्या रेघेकडं चालत गेले. तो पोरगा वाटेतच उभा होता. त्यानं नंबर बघितला. त्याचं तोंड उतरलं. ‘सॉरी काका,’ म्हणाला. मामांनी मान हलवली आणि गर्दीत शिरले.

नंतर घरी यावरून आमचं भांडण झालं. मामांचं म्हणणं, ‘त्या पोरानं मला न्हाई बघितलं, शर्टाला बघितलं. शर्ट काढला, झालं.’ मी म्हटलं, ‘झालं कुठं? शर्ट बदलून भागत असतं तर १९१७ साली बडोद्यात कोट-टाय घातलेल्या बाबासाहेबांना पारशाच्या सराईतून काठ्या दाखवून बाहेर काढलं नसतं.’ मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्ये बी खरं हाय.’ हे भांडण अजून मिटलेलं नाही. मिटवायची घाईही नाही.

साडेसहाला शर्यत सुटली. मी रस्त्याच्या कडेनं थोडं मागं पळालो, मग स्वयंसेवकांनी अडवलं. म्हणून पुढचं मामांच्या तोंडचं, मी जसं ऐकलं तसं.

‘पयला किलोमीटर म्या येड्यागत पळालो. ढोल वाजत हुतं, मानसं टाळ्या वाजवीत हुती. मला वाटलं समदी माझ्यासाठनंच आल्यात. मोठ्या दवाखान्याच्या म्होरं गेलो आनि छाती धरली. आपली नेहमीची. सोमवारी पाळीला धरती तशी. कुनीतरी पट्टा आवळल्यागत. म्हनलं संपलं. पोरगीचं पैसं गेलं. मंग चालाय लागलो. शंभर पावलं, मोजून. तोंड मिटून, नाकानं, बारका बारका श्वास. कार्डिंगात धूळ उठली की आपन घेतो न्हवं, तसा. शंभर झाली की परत पळालो. परत धरली, परत चाललो. एक बाई मागनं आली, माझ्या पोरीयेवढी. म्हनली, काका थांबू नका, माझ्याबरुबर चला. तिच्या टाचंकडं बघत गेलो. मान वर केलीच न्हाई. वळायच्या जागंला टेबल आलं. बघतो तर त्येच बॉक्स! म्या उचललेलं. आनि टेबलामागं त्योच पोरगा. त्यानं पेला म्होरं केला, माझ्याकडं बघंना. म्या दोन पेलं प्यालो. म्हनलं, दे की अजून एक. तवा हसला बिचारा.’

शेवटच्या कमानीपाशी मी उभा होतो. कमानीवर मोठं लाल आकड्यांचं घड्याळ. तिसाव्या मिनिटापर्यंत लोक लोंढ्यानं आले, मग तुरळक. ते रिकामे हात हलवत येत होते, हसत होते, फोटोला अंगठा दाखवत होते. आणि मग मामा दिसले. पळण्याची त्यांची एक तऱ्हा आहे. कोपर अंगाला घट्ट, पाय जमिनीपासून फार न उचलणारे. गिरणीतल्या अरुंद गल्लीतून मशिनीला न लागता चालायची सवय. तोंड उघडं, मान ताठ, ओठ पांढरे. आडनाव घामानं भिजून छातीला चिकटलेलं. कर्ण्यावरच्या माणसानं ते आडनाव मोठ्यानं वाचलं. पूर्ण नावासकट. मैदानभर गेलं. मी आपल्या सभांत घोषणा देतो, घसा बसेपर्यंत देतो. पण त्या वेळी माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही.

३६ मिनिटं १२ सेकंद.

एका मुलीनं त्यांच्या गळ्यात पदक घातलं. मामांनी ते उलटसुलट बघितलं. मग आजूबाजूला बघितलं. ‘ह्ये समद्यास्नीच देत्यात का रं?’ मी म्हटलं, ‘व्हय. जो पोचतो त्याला.’ ‘मंग ठीक हाय,’ म्हणाले, आणि पदक काढून चपलांच्या पिशवीत टाकलं. मला वाटलं त्यांचा हिरमोड झाला. पण त्यांचं लक्ष दुसरीकडंच होतं. ते पिशवीत काहीतरी शोधत होते.

शेजारी त्यांच्याच वयाचा एक गृहस्थ केळं खात बसलेला. बँकेतून निवृत्त झालेला. बोलायला चांगला. त्यानं आपलं घड्याळ मामांना दाखवलं. छातीचे ठोके किती, कुठल्या किलोमीटरला किती वेळ, सगळं त्यात. म्हणाला, ‘सगळं लिहिलेलं राहतं यात. महिन्याभरानं बघायचं, आपण सुधारलो की बिघडलो.’ मामा म्हणाले, ‘आमचंबी हाय की.’ आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. पोरांची असते तसली, दोनशे पानी. पेन्सिलीनं लिहिलं: तारीख, रविवार, पाच किलोमीटर, ३६-१२, दोनदा चाललो.

ती वही मी पहिल्यांदा बघत होतो.

घरी येऊन मी ती पहिल्या पानापासून वाचली. मित्रांनो, मी कविता लिहितो हे तुम्हाला माहीत आहे. त्या वहीपुढं माझ्या कविता फिक्या आहेत. दीड वर्षाच्या नोंदी. रोज पहाटेचे १६०० मीटर, पोरांच्या भरतीचं अंतर म्हणून तेच धरलेलं. वेळ किती. आदल्या दिवशी पाळी कुठली. खातं कुठलं. छाती धरली की नाही. एवढंच. एकही शब्द जास्त नाही.

साधारण वेळ ११ मिनिटांच्या आसपास. पण सुट्टीनंतरची पहिली पाळी करून जी पहाट येते त्या पहाटेला १२ च्या वर. जवळजवळ प्रत्येक आठवड्याला. पुढं आठवडा सरेल तशी थोडी कमी. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परत तेच चक्र. आणि मधे एक महिना वेगळा. त्या महिन्यात पॅकिंगला माणूस नव्हता म्हणून मामांना तिकडं टाकलं होतं. कोन पिशवीत भरायचे, पेटीत रचायचे. तिथं धूळ कमी. त्या महिन्यात ११ ची १०॥ झाली, १०॥ ची १० झाली. एका ओळीपुढं लिहिलंय: छाती धरली न्हाई. पुढच्या ओळीपुढंही तेच. मग महिना संपला. परत कार्डिंग. पंधरा दिवसांत परत ११.

सरावानं वेळ सुधारते, हे मला कळतं. पण सरावानं सुधारलेली वेळ खातं बदलल्यावर परत बिघडते का?

या दुखण्याला नाव आहे. बिसिनोसिस. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना होतं. धुळीत नुसता कापूस नसतो. वाळलेल्या पानांचा, बोंडाच्या टरफलांचा भुगा असतो, जंतूंचं विष असतं. त्यानं श्वासाच्या नळ्या आवळतात. याची खूण अशी की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास होतो, म्हणून इंग्रज गिरण्यांतसुद्धा हे सोमवारचं दुखणं म्हणून ओळखलं जायचं. पुढं वर्षं जातात तसा त्रास सोमवारचा राहत नाही, सगळ्या वारांचा होतो. मग छातीतली ताकद जाते ती परत येत नाही. ते तपासायची सोपी रीतही आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी कामगाराला नळीत जोरानं फुंकायला लावायचं, पाळी संपल्यावर परत फुंकायला लावायचं. किती फरक पडला ते बघायचं. बस्स.

मामांना हे कुणी केलं? वर्षातून एकदा गिरणीत तपासणी होते. शर्टावरूनच नळी टेकवतात, पुढचा म्हणतात. तीन वर्षांपूर्वी खोकला वाढला म्हणून मामा एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, ‘बिडी किती ओढता?’ मामांनी जन्मात बिडी ओढली नाही. तसं सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलं: बिडी बंद करा. तो कागद मामांनी वहीच्या शेवटच्या पानात चिकटवून ठेवलाय.

आता खात्यांचं बघा. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना विणकामाच्या खात्यात घेत नसत. धोट्यातली कांडी बदलली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा तोंडात घेणार? म्हणून जास्त पगाराचं खातं बंद. आपली माणसं राहिली कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांना विचारला. संपाच्या मागण्यांत ही मागणी का नाही? आपली थुंकी विटाळाची ठरली, पण त्यांच्या कारखान्यातली धूळ आपल्या छातीत गेली तर विटाळ नाही. आज खात्यावर जातीची पाटी नाही. धोटाही गेला. पण आमच्या गिरणीत ब्लोरूमच्या दाराशी उभं राहून तोंडं मोजा. आपल्या वस्तीतली आणि बिहार-ओरिसातून आलेली. दुसरी तोंडं शोधावी लागतील.

सोमवारी आमची पहिली पाळी होती. सुट्टीत मिळालेला श्वास गेटच्या आत किती टिकतो ते मला बघायचं होतं. दहाच्या सुमाराला मी कार्डिंगला चक्कर टाकली. मामा खांबाला टेकून उभे, हात गुडघ्यांवर, नाका-तोंडाला फडकं. आदल्या दिवशी कर्ण्यावर ज्यांचं नाव वाचलं तो हा माणूस. मी जवळ गेलो. ते फडक्याआडून म्हणाले, ‘काल वळायच्या जागंला बी अशीच धरली हुती. पर तिथं मला चालता आलं रं. शंभर पावलं. हितं मशीन थांबत न्हाई.’

मग मला त्यांचं ‘त्ये येगळं’ कळलं.

त्यांचा आजोबा पळाला तो दुसऱ्याच्या सांगाव्यासाठी. घड्याळ पाटलाचं. मामा गिरणीत पळतात ते मशिनीसाठी. घड्याळ टाइमकीपरचं. पहाटेच्या रस्त्यावर पहिल्यांदा घरातल्या माणसानं कुणाच्याही कामासाठी नव्हे असं पळून बघितलं, आणि वेळ लावणारी त्याचीच पोरगी होती. दमलं तर चालायचं, वाटलं तर परत पळायचं. आणि किती लागलं ते आपल्या वहीत आपण लिहायचं. ज्याला तुम्ही चैन म्हणालात, त्यातून या माणसानं स्वतःच्या छातीचा पंचनामा करून ठेवलाय. बँकेतल्या त्या गृहस्थाच्या घड्याळात जे आहे ते त्याच्या तब्येतीसाठी. मामाच्या वहीत आहे तो पुरावा आहे.

आम्ही त्या वहीची झेरॉक्स काढून युनियनच्या माणसाला दिली. तो म्हणाला, ‘हे कोर्टात टिकायचं नाही.’ नाही टिकणार, मला माहीत आहे. एका माणसाची पेन्सिल. पण तपासणी मागायला एवढं बास आहे. आम्ही अर्ज केलाय. धूळ ओढणारे पंखे दुरुस्त करा. फडक्याऐवजी धूळ अडवणारे मास्क द्या. पहिल्या पाळीच्या आधी आणि नंतर सगळ्यांना फुंकायला लावा, आणि आकडा ज्याचा त्याला लिहून द्या. अर्जावर १७ सह्या आहेत. त्यातल्या दोन अंगठे आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.

मामांनी मला बजावलंय, ‘माझं नाव म्होरं करू नगंस. मला फुडल्या वर्सी रिटायर व्हायच्या आत पॅकिंगला जायचं हाय.’ मला आधी हे भित्रेपणाचं वाटलं. मग वाटलं, २८ वर्षांनी एका माणसाला मोकळा श्वास पाहिजे, त्याला मी भित्रा म्हणणारा कोण? सहीला मात्र त्यांचीच सही पहिली आहे.

आता ब्लोरूममधल्या आणखी चौघांनी वह्या घेतल्यात. पळायचं सगळ्यांना जमत नाही. दोघं चालतात, वेळ लावून. एकाला लिहिता येत नाही, त्याची सहावीतली पोरगी लिहिते. मी स्वतः पळायला लागलोय. पहिल्याच दिवशी ५२ वर्षांच्या माणसानं मला मागं टाकलं. पंचविशीतल्या माझ्या छातीत सहा वर्षांचा कापूस आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.

तर मित्रांनो, पुढच्या अभ्यासवर्गाला मी येतोय. टिपणं आणतोच. बरोबर ती वहीही आणतो. एक तास पुस्तकाला द्या, अर्धा तास वहीला. तुमच्यात कुणी डॉक्टरकीला असेल, कुणी वकिलीला असेल, तर त्यानं नीट बघावं आणि पुढं काय करायचं ते सांगावं. हसायचं असेल तर वाचून झाल्यावर हसा.

परवा मंगळवारी मामांचे १६०० मीटर १२ मिनिटं ४० सेकंदांत झाले. छाती धरली. वहीत लिहिलंय.

जय भीम.